घेणारीची जागा

टोपलीतला फोन थरथरला आणि तो माझाच आहे हे मला ऐकताक्षणी कळलं. तालमीच्या वेळी सगळ्यांनी आपापले फोन आवाज बंद करून दारापाशीच्या वेताच्या टोपलीत टाकायचे, ही आमच्या संस्थेची शिस्त. त्या टोपलीत कुणाचा ना कुणाचा फोन घुमतच असतो, कुणी लक्ष देत नाही. पण इमारतीत कुठेतरी मूल रडतंय आणि ते आपलं की दुसऱ्याचं, हे जसं झोपेत अंगालाच कळतं, तसं हे कळलं. मी हलले नाही. हलायचं नव्हतंच. माझ्या पायांखाली पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती, शेजारी तसल्याच चिकटपट्टीनं जमिनीवर आखलेली खाट होती, पलीकडे आखलेलं दार होतं, आणि डोळ्यांवर दोन मोठे दिवे. हातांत टॉवेलात गुंडाळलेली बाहुली. "थोडंसं डावीकडे," दिव्यांमागच्या अंधारातून आवाज आला. "चेहरा थोडासा वर. मान थोडीशी खाली. बाळाची नव्हे हो, तुमची." या आवाजाला आम्ही पाठीमागे थोडंसंसर म्हणायचो. कार्यक्रम बसवणं हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता. फक्त जगातली प्रत्येक वस्तू आहे तिथून थोडीशी सरकली तर बरी दिसेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला. माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, एकदा उचलला नाही तर पुन्हा फोन करत नाहीत. सुनेच्या कामात आपला अडथळा नको म्हणतात. घरी आमच्या पिल्लाला त्याच सांभाळतात. आणि फोन तिसऱ्यांदा सुरू झाला.

आमच्याकडे प्रत्येक देणगीची तालीम होते. देणारे ठरलेले असतात, साहेब आणि मॅडम. दोघंही शेवटच्या तालमीला येतात. ज्यांना मिळणार ती माणसं मात्र आधी कधीच नसतात. कार्यक्रमाच्या दिवशी, तिथल्या तिथे, त्यांच्यातलं कुणीतरी निवडलं जातं. मग दिवे कुठे लावायचे, कॅमेरा किती लांब ठेवायचा, हे ठरवायला त्यांच्या जागी कुणाला तरी उभं करावं लागतं. पूर्वी हिशेबनीस काका उभे राहायचे. त्यांनी आजवर चष्मे घेतलेत, शिलाई मशिनं घेतलीत, कृत्रिम पायसुद्धा घेतलाय. "दोन्ही पाय शाबूत असताना घेतला," ते सांगतात, "आणि कार्यक्रम झाल्यावर परत काढून घेतला तेव्हा खरोखर वाईट वाटलं बघ." मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा लहान मुलांच्या योजना सुरू झाल्या होत्या, आणि मूल धरलेले काका कुणाला बघवेनात. मॅडमनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडे आता ते आहे." ते म्हणजे काय, मी विचारलं नाही. घरी आरशात बघितलं तर झोप न झालेले दोन डोळे होते, आणि त्यांच्याखाली काळं. माझं खरं काम संस्थेचे अहवाल लिहिण्याचं, पण तेव्हापासून मी घेणारी झाले. तोंडावर कुणी तसं म्हणत नव्हतं. कामाच्या फळ्यावर मात्र खडूनं लिहिलेलं असायचं: दिवे, माइक, फीत, घेणारी.

बाहुली जुनी होती. आडवी केली की तिचे डोळे मिटायचे. म्हणजे एक मिटायचा, दुसरा अर्धा उघडा राहायचा. ती मी प्रथम उचलली तेव्हा माझं दूध उतरलं. दिव्यांची ऊब, टॉवेलचं ओझं, कोपरात येऊन टेकलेलं ते टणक डोकं, एवढ्यानं अंग फसलं. ब्लाउज भिजला, मी टॉवेल वर ओढून घेतला, आणि थोडंसंसर म्हणाले, "हे छान. हे असंच धरा." त्या दिवसापासून मला माझ्या अंगाची भीती वाटायला लागली. खरं मूल कुठलं आणि प्लास्टिकचं कुठलं हे त्याला कळत नसेल, तर त्याच्यावर विसंबायचं कसं? संध्याकाळी छाती दगडासारखी व्हायची. मी मॅडमना विचारलं होतं, अर्धा तास लवकर निघाले तर चालेल का. त्यांचे डोळे लगेच भरून आले. ते ढोंग नसतं, हे मी जवळून बघितलंय. खरंच भरून येतात. "अगं, विचारतेस काय! आईपणाहून मोठं काही आहे का?" असं म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. दुसऱ्या दिवशी पिल्लासाठी चांदीचा खुळखुळा आला, मऊ कागदात गुंडाळून. अर्धा तास आला नाही. तो कुणी कुणाला सांगायचा, हे ठरलंच नव्हतं. मी सामानाच्या खोलीत, जुन्या कार्यक्रमांच्या कापडी फलकांमध्ये बसून दूध काढत राहिले. फलकांवरची मुलं घडीमध्ये अर्धी अर्धी हसत असायची. खुळखुळा इतका जड होता की पिल्लानं तो एकदाच हलवला आणि कपाळावर टेंगूळ आणलं. आईंनी तो कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला. "मोठ्या घरचं खेळणं," म्हणाल्या, "मोठी माणसं आली की काढू."

या वेळची देणगी होती वाफेची मशिनं. मोठ्या हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डासाठी. दम लागलेल्या मुलांना त्यातून औषधाची वाफ देतात. घेणारीनं एक वाक्य म्हणायचं होतं, आणि अहवाल लिहिणारी मीच असल्यामुळे ते मीच लिहून दिलं होतं: माझ्या बाळाला श्वास घेता येत नव्हता, आज ते हसतंय, ते तुमच्यामुळे. एका दुपारी, चहा निवत होता तेवढ्यात लिहिलं. कुणाचं बाळ, कुठली आई, डोळ्यांसमोर कुणीही नव्हतं. पिल्लू घरी आईंच्या मांडीवर गाढ झोपलेलं. पण पहिल्या तालमीत ते वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि माझ्या टाळूला गार लागलं. घरी गेल्यावर चपलासुद्धा न काढता मी पिल्लाच्या छातीला कान लावला. आई बघत होत्या. "काय ऐकतेस?" "काही नाही." "मग हात धू आणि ऐक." मी शिकलेली आहे. बोलल्यानं काही होत नाही हे मला माहीत आहे, माझ्या मैत्रिणींना मी हे समजावून सांगितलेलं आहे. तरी रोजच्या तालमीनंतर मी रोज कान लावत होते. थोडंसंसरांचं म्हणणं होतं की वाक्य घासून घासून आपलं झालं पाहिजे. मला तेच नको होतं. ते आपलं होऊ नये म्हणून मी ते वरवर म्हणायचे, जिभेच्या टोकानं, आणि मनात लगेच पुसून टाकायचे. "थोडंसं आतून," थोडंसंसर म्हणायचे.

हिशेबनीस काका शेवटी टोपलीतून फोन काढून सरळ उजेडात चालत आले. "घरून आहे. सारखा वाजतोय." मी बाहुली एका हातावर घेतली आणि फोन कानाला लावला. "हे बघ, घाबरू नकोस," आई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आधी कधीच वापरलेलं नव्हतं. "पिल्लू दूध ओढत नाहीये. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय. आतून शिट्टीसारखं वाजतंय. सर्दीच वाटली होती गं सकाळी." मी म्हटलं, निघाले, रिक्षा घेऊनच येते, तुम्ही खाली उभ्या राहा. फोन ठेवला तेव्हा आखलेल्या दारातून मॅडम आत येत होत्या. त्या शेवटच्या तालमीसाठी आल्या होत्या, साडीचा पदर नीट करत, अत्तराचा मंद वास पुढे पाठवत. खोलीत सगळे सरळ झाले. त्या आखलेल्या खाटेपाशी त्यांच्या फुलीवर येऊन थांबल्या आणि माझ्याकडे बघून, हे त्यांना फार सुंदर जमतं, थोड्या वाकल्या. मी म्हटलं, "मॅडम, माझ्या बाळाला श्वास घेता येत नाहीये."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बाहुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "वा!" अंधारातून थोडंसंसर ओरडले. "आत्ता! इतके दिवस मी हेच मागत होतो. आता पुढचं वाक्य." मी म्हटलं, नाही, खरंच, घरून फोन आला, माझं बाळ. बोलता बोलता मला ऐकू येत होतं की माझा आवाज तालमीतलाच निघतोय. मान थोडीशी खाली होती. हात पुढे होते, कोपरांत वाकलेले, फुलीवरून पाऊल हललं नव्हतं. इतक्या वेळा वापरून मी मागण्याचा एकच आकार करून ठेवला होता, आणि आता खरं मागायला दुसरा आकार माझ्याजवळ नव्हता. मॅडम हळूच मागे वळून म्हणाल्या, "अहो, हे ठेवायचं का? हे जास्त छान वाटतंय." मला ओरडायचं होतं. ओरडले असते तर कदाचित तेही जास्त छान वाटलं असतं. शेवटी काकाच मध्ये येऊन उभे राहिले, दिव्यांना पाठ करून, आणि त्यांची सावली आम्हां दोघींवर पडली. "मॅडम, ती खरंच सांगतेय. तिचं मूल आजारी आहे." मग मॅडम खरोखर घाबरल्या. "अगं वेडे, मग आधी नाही का सांगायचं! जा, जा लगेच. गाडी नेली असतीस, पण साहेबांना आणायला गेलीये. रिक्षा मिळेल ना?" मी पळत जिन्यापर्यंत पोचले तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली. माझ्या हातांत अजून ती बाहुली होती.

रिक्षात मी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले होते. ते तसे नाही ठेवले तर आपोआप कोपरांत वाकतील असं वाटत होतं. नवऱ्याला फोन लावला. तो कामासाठी दुसऱ्या गावी होता, लागला नाही. मोठं हॉस्पिटल घरापासून सगळ्यात जवळ. तोच वॉर्ड. महिन्यापूर्वी मी मॅडमबरोबर तिथे गेले होते, वही घेऊन, नोंदी करायला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई, त्यांचे केस कानामागे पेनानं खोचलेले, म्हणाल्या होत्या, "मशिनं आहेत हो. मागच्यांनी दिलेली आहेत, त्याच्या मागच्यांनीही. ती लावायला भिंतीत प्लग नाहीत. प्लग द्या. आणि तान्ह्या मुलांचे मास्क द्या, मोठ्यांचे त्यांच्या तोंडाला बसत नाहीत." मॅडम मनमोकळं हसल्या. "डॉक्टर, तुम्ही फार गमतीशीर आहात." आम्ही सगळेच हसलो, कारण ते ऐकायला खरंच गमतीचं होतं. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "पण बघ ना, प्लगला फीत कुठे बांधणार?" यात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर प्लग येत होता, त्यावर लाल फीत येत होती, आणि ते चित्र जुळत नव्हतं, एवढंच. मलाही जुळवता आलं नव्हतं. मी वहीत लिहिलं होतं: वॉर्डात यंत्रांची गरज. रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारच्या गाडीतल्या मुलीनं काचेला नाक दाबून माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड फिरवलं. पोचेपर्यंत पिल्लाचं नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

आई इमारतीच्या दाराशी पिल्लाला उभं धरून उभ्या होत्या. पिल्लू रडत नव्हतं. रडायला लागणारा श्वास त्याच्याकडे नव्हता. मी त्याचा सदरा वर केला. खड्डा पडत होता. चमच्यानं भातात करावा तसा, आणि भरून येत होता, आणि पुन्हा पडत होता. वॉर्डात नर्सनं विचारलं, "काय होतंय?" माझं तोंड उघडलं आणि बंद झालं. ते वाक्य दारातच उभं होतं, बाकीच्या सगळ्या वाक्यांना अडवून. ते म्हटलं की खरं होईल. की आत्तापर्यंत म्हटलं म्हणून खरं झालं? आईंनी मला कोपरानं बाजूला केलं. "दम लागलाय त्याला. सकाळपासून सर्दी, दुपारपासून शिट्टी." इतकं सोपं होतं ते. नर्सनं माझ्या पुढे आलेल्या हातांकडे बघितलं. "हात खाली घ्या बाई, बाळ इकडे द्या."

रात्र कशी गेली ते सांगता येणार नाही. फक्त आवाज आठवतो. मशिनचा घर्रर्र असा एकसुरी, पीठ दळल्यासारखा आवाज. मास्क मोठ्यांचा होता. पिल्लाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा त्यात बुडून गेला, आणि डोळ्यांत वाफ जाऊ नये म्हणून तो तिरका, जरासा वर, हातानं धरून ठेवायचा होता. धरायचा आणि हलायचं नाही. त्यात तरी मी तरबेज होते. आमच्या आणि शेजारच्या खाटेत मिळून भिंतीत एकच प्लग. शेजारच्या खाटेवर माझ्याहून लहान वयाची एक मुलगी होती, तिचं मूल साधारण पिल्लाएवढंच. मी आल्याआल्याच तिनं मला इथली रीत सांगितली. "तुमचं संपलं की मला उठवायचं, माझं संपलं की मी तुम्हांला. मध्ये काढायचं नाही. ज्याचं जास्त वाजतंय त्याचं आधी." "कसं कळणार जास्त कुणाचं?" "कळतं," ती म्हणाली. "आपलं नेहमी जास्त वाटतं, म्हणून दुसरीनं ठरवायचं." मग ती माझ्या पिल्लावर वाकली, ऐकलं, आणि आपली पिन काढून मला जागा दिली. पहाटेपर्यंत आम्ही एकमेकींच्या मुलांच्या छातीला कान लावत होतो. भिंतीपाशी, एकावर एक रचलेल्या खोक्यांमध्ये, मशिनंच मशिनं होती, काहींवर अजून लाल फीत. आई त्यांच्याकडे बराच वेळ बघत बसल्या. "इतकी असून तुम्ही आणखी द्यायला येताय?" "हो." "मग निदान टेकायला तरी बरी आहेत," असं म्हणून त्यांनी एका खोक्याला पाठ टेकली.

उजाडल्यावर शिट्टी थोडी बारीक झाली होती. पण डॉक्टरीणबाई, तेच पेन केसांत, ऐकून म्हणाल्या, "अजून फसवं आहे. वाफ सुरू असताना संपेपर्यंत काढू नका. पुन्हा आवळलं तर त्रास होईल." फसवं, हा शब्द मी जपून ठेवला. मग त्यांना कुणीतरी हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत बोलावलं, पाहुण्यांच्या स्वागताला. नर्सनं खाटांवरच्या चादरी बदलल्या, दोरीवरची लंगोटं काढायला लावली. मी घड्याळाकडे न बघता ओळखलं. आधी दिवे आले, मग कॅमेऱ्याची तिवई, मग आमचा चिकटपट्टीवाला, आणि मग थोडंसंसर, पावलांनी अंतर मोजत. ते दारापासून सरळ आमच्या खाटेपाशी येऊन थांबले. "ही बरोबर बसते," मागे बघून म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा पाहिला. "अरे! तुम्ही? बाळ बरं आहे ना? मग तर प्रश्नच मिटला, तालीमही झालेली आहे!" ते मनापासून खूश झाले होते. मी मास्क धरून होते. मला भीती वाटत होती ती एवढीच की मान आपोआप खाली जाईल.

मॅडम आल्या आणि वॉर्डभर तो मंद वास पसरला, औषधांच्या वासावर अलगद घडी घातल्यासारखा. मला बघून त्यांनी हात छातीवर नेला. "अगं, तू! इथे! बाळ कसं आहे?" मी तोंड उघडेपर्यंत त्या थोडंसंसरांकडे वळल्या होत्या आणि आवाज खाली आणून बोलत होत्या. "नाही हो, ही नको. ही आपली आहे. उद्या कुणी म्हणेल, घरच्या घरीच वाटून घेतलं. खरी कुणीतरी बघा." खरी कुणीतरी शेजारच्या खाटेवर होती. तिचं मूल आत्ता झोपलं होतं. ते तिच्या हातांत उभं करण्यात आलं. तिच्या खांद्यावर पदर सारखा करण्यात आला. "मी काय म्हणायचं?" ती घाबरून माझ्याकडे बघत होती. मॅडम प्रेमानं माझ्याकडे वळल्या. "अगं, तूच सांग ना तिला वाक्य. तुझं पाठ आहे."

आईंनी माझ्या हातातून मास्क आपल्या हातात घेतला. मी दोन पावलं चालून शेजारच्या खाटेपाशी गेले आणि तिच्या कानाजवळ वाकून ते वाक्य सांगितलं. सांगताना जाणवलं की रात्रभर जिच्या मुलाच्या छातीला मी कान लावला, तिला मी हे काहीतरी भयंकर देते आहे. माझ्या घरात शिरून बसलेलं मी तिच्या घरात घालते आहे. ती ओठ हलवत ऐकत होती. "माझ्या बाळाला श्वास घेता येत नव्हता," तिनं म्हणून पाहिलं, आणि तिच्या तोंडी ते नुसतं खरं होतं. त्यात थोडंसं कुठेच सरकवण्यासारखं नव्हतं. "सुंदर," मॅडम पुटपुटल्या. दिवे लागले. सगळा वॉर्ड पांढराशुभ्र झाला. भिंतीचे पोपडे, लोखंडी खाटांचा गंज, बायांचे ताणलेले चेहरे, सगळ्यांना उजेड फुटला. आणि त्या उजेडात काहीतरी कमी होतं. मला समजेना काय. कानांत पोकळी झाली होती. रात्रभर ज्यावर मी उभी होते ती जमीनच कुणी काढून घेतल्यासारखं. मग समजलं. घर्रर्र थांबली होती.

मी वळले. आई एका हातानं मास्क तसाच तिरका धरून दुसऱ्या हातानं मशिनला थोपटत होत्या, बंद पडलेल्या रेडिओला थोपटावं तसं. मास्कमध्ये वाफ नव्हती. त्यातून पिल्लाचे डोळे दिसत होते, एक मिटलेला, एक अर्धा उघडा. भिंतीत आमच्या पिनेच्या जागी जाड काळी पिन होती, तिची वायर जमिनीवरून दिव्याकडे गेली होती, आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकून उभा असलेला लाइटवाला माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "दोनच मिनिटं, ताई. दोन मिनिटांत काही होत नाही." होत नसेलही. मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही की काही झालं असतं. थोडंसंसरांनी खाट आखली होती, दार आखलं होतं, खिडकीसुद्धा आखली होती. प्लग आखायचा राहिला होता. चिकटपट्टीवाल्यानं शेजारच्या खाटेपाशी मारलेल्या फुलीवर मी उभी होते. तिच्यावरून निघाले. कुणाच्या तरी पायावर पाय पडला. काळी पिन ओढली, ती घट्ट होती, भिंतीचा चुना हातावर आला, आणि दिवे गेले.

सगळ्यांनी वर बघितलं. वीज गेली असं त्यांना वाटलं. मॅडमनीही वर बघितलं, हात शेजारणीच्या मुलाच्या डोक्यावर तसाच. पण पंखे फिरत होते. लोक पंख्यांकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात मी आमची पिन चाचपडत भोकांत बसवली. पहिल्यांदा बसली नाही. मग बसली. घर्रर्र. "कुणी काढलं? कोण आहे तिकडे?" थोडंसंसर डोळे चोळत पुढे आले. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण माझ्याजवळ वाक्य नव्हतं, आणि नव्हतं याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं. मी फक्त वळले आणि भिंतीला पाठ लावून, बरोबर त्या प्लगवर, उभी राहिले. "अगं, असं काय करतेस?" मॅडम म्हणाल्या, त्यांचे डोळे भरत होते, बहुतेक माझ्यासाठी. "आपलीच माणसं असं करायला लागली तर..." शेजारीण आपलं मूल खांद्यावर घेऊन माझ्या खाटेवर येऊन बसली आणि तिनं पिल्लाच्या छातीला कान लावला. "ह्याचंच जास्त आहे," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आधी ह्याचं." लाइटवाला वायर हातात गुंडाळून थांबला होता. पुन्हा लावायची का, हे विचारायला तो एकदा मॅडमकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. "ताई," थोडंसंसर अगदी हळू, समजुतीनं म्हणाले, "थोडंसं बाजूला." नोकरी, घरभाडं, संध्याकाळ, सगळं त्या एका पावलावर होतं. आई मास्क धरून बसल्या होत्या. मास्क पुन्हा पांढरा होत होता, पिल्लाचे डोळे त्यात हळूहळू दिसेनासे होत होते. मिटले की नाही, ते मला इथून कळत नव्हतं. तिकडे जायचं तर ही जागा सोडावी लागली असती. पिन पाठीत रुतत होती, आणि तिच्यातून मशिनची बारीक थरथर माझ्या मणक्याला लागत होती. ती लागत होती, तोवर ठीक होतं.